अजून उतरणारा डोंगर

“हा डोंगराला पाठ लावून का उतरतो?” गुरुजींनी विचारलं.

मी शार्दूलकडे वळले.

“गुरुजी म्हणतायत, थोडं पुढे झुकून बघशील का.”

“झुकतोच आहे की,” शार्दूल म्हणाला. “त्यांना सांग, मी वीस वर्षं डोंगर उतरतोय. ढाकचा कडा तीनदा केलाय. उतार मला शिकवू नका म्हणावं.”

मी गुरुजींकडे वळले.

“त्याला डोंगरांची आवड आहे,” मी जपानीत सांगितलं.

गुरुजींनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खाली वाकून ते स्कीवरचा बर्फ झटकत बसले.

त्यांचं नाव शुन्काई. उत्तर जपानातल्या एका लहान गावातले बौद्ध भिक्षू, वय एकोणऐंशी. उन्हाळ्यात ते देऊळ सांभाळत, हिवाळ्यात स्की शिकवत. आम्ही आपसात त्यांना गुरुजी म्हणायचो. पूजा सांगणाऱ्याला आणि शाळेत छडी घेऊन उभ्या राहणाऱ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि ते दोन्ही होते.

डोंगर म्हणजे जिवंत ज्वालामुखी. गावात कुणी त्याचं नाव घेत नसे. नुसतं ‘वर’ म्हणत. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याबद्दल बोलायच्या तसं.

आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. मी पुण्यात जपानीची दुभाषी म्हणून नोकरी करते. सासरी मी शार्दूलला ‘अहो’ म्हणते आणि उंबरठा ओलांडला की ‘तू’. भाषांतराची सवय घरीदारी होतीच.

या डोंगराचा एक रिवाज होता. ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावरून स्की करत खाली यायचं, तर गुरुजींची मान हलली पाहिजे. कुठे पाटी नव्हती, पावती नव्हती. पण सगळं गाव ते पाळत होतं.

शार्दूल तेवढ्यासाठीच इथे आला होता. दोन हिवाळे हिमाचलात जाऊन तो स्की शिकला होता. मधुचंद्राला कुठे जायचं, असं त्यानं मला विचारलं, तेव्हा या डोंगराचा फोटो त्याच्या फोनवर आधीच उघडलेला होता.

पाच दिवस होते. रोज सकाळी तो मला म्हणायचा, “विचार, आज जाऊ का.”

मी विचारायचे.

गुरुजी म्हणायचे, “अजून नाही.”

मी शार्दूलला सांगायचे, “आज वर वारा फार आहे म्हणतात.”

असे चार दिवस गेले. आजचा पाचवा. उद्या सकाळी परतीचं विमान.

आणि आज वाराच नव्हता. मुखातून निघणारा धूर उदबत्तीच्या धुरासारखा सरळ वर चालला होता.

“विचार ना,” शार्दूल म्हणाला. “आज कसली अडचण आहे ते तरी कळू दे.”

मी विचारलं.

“अजून नाही,” गुरुजी म्हणाले.

मी तोंड उघडलं. वर धुराकडे पाहिलं. तोंड मिटलं…

“काय म्हणाले?”

“थांब जरा.”

गुरुजी उठून माझ्यासमोर आले. त्यांची उंची माझ्या खांद्याएवढी. बर्फावर चालायचे जाळीदार बूट घालून मी आणखीच उंच झाले होते.

“चार दिवस बघतोय,” ते म्हणाले. “माझे दोन शब्द तुझ्याकडून त्याच्याकडे जातात, तेव्हा दहा होतात. त्याचे दहा माझ्याकडे येतात, तेव्हा दोन उरतात. मधे काय करतेस?”

“भाषांतर.”

“हं.”

ते वळले. आम्ही उभे होतो तिथून पाच-सहा पावलांवर बर्फाचा एक पट्टा होता. अख्ख्या उतारावर त्याच्याइतकं गुळगुळीत काही नव्हतं. ना दगड, ना खाच. चार दिवस मी डबा खायला बसायची जागा म्हणून त्याच्याकडे बघत होते. दर वेळी गुरुजी मला दुसरीकडे बसवत.

हातातला बांबू त्यांनी त्या बर्फात उभा धरला आणि अलगद सोडला.

बांबू आत गेला. जातच राहिला. वर फक्त वीतभर टोक उरलं.

मग त्या भोकातून वाफ आली. उकडलेल्या अंड्यासारखा वास.

“बर्फ वाईट नाही,” गुरुजी म्हणाले. “मऊ आहे, स्वच्छ आहे. सभ्य आहे.”

त्यांनी वाफेवर तळवा धरला.

“फक्त खाली काय आहे ते सांगत नाही.”

गप्प राहणं मला चांगलं जमतं. पण या वेळी ते पुरेना.

“काय चाललंय तुमचं?” शार्दूल म्हणाला. “भोक कसलं दाखवतायत?”

“माझं,” मी म्हणाले.

“काय?”

गुरुजींनी बांबू उपसला. त्याचं टोक शार्दूलकडे केलं.

“त्याला सांग,” ते मला म्हणाले. “जसंच्या तसं. ‘तुला भीती वाटते.’ एवढंच.”

लग्नात मी सप्तपदीची सात पावलं चालले. हे एक वाक्य त्याहून लांब होतं.

“शार्दूल,” मी म्हणाले. “गुरुजी म्हणतायत, तुला भीती वाटते.”

…

“आणि वाऱ्याचं ते कधीच म्हणाले नव्हते. चारही दिवस ते ‘अजून नाही’ म्हणत होते. वारा माझा.”

शार्दूल आधी माझ्याकडे बघत राहिला, मग गुरुजींकडे. त्याचे कान लाल झाले, ते थंडीनं नव्हे.

“भीती? मला?” तो म्हणाला. “त्यांना विचार, उभा कातळ बघितलाय का कधी. यांचं आयुष्य या एका टेकाडावर गेलं. रोज तीच वाट, तोच उतार. माझ्याबरोबर एक पावसाळा काढा म्हणावं, मग भीतीचं बोला.”

तो थांबला. “हे नको सांगू.”

पण मी सांगायला लागले होते. जसंच्या तसं. ‘टेकाड’सुद्धा.

गुरुजींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मग ते खरंच हसले, गुडघ्यावर हात ठेवून, दम लागेपर्यंत.

“आलं,” ते म्हणाले. “आज हा माणूस माझ्याशी बोलला.”

ते बर्फात बसले आणि शार्दूललाही खुणेनं बसायला सांगितलं. तो बसला नाही. मग बसला.

शेजारी बर्फातून एक काळा दगड वर आला होता. शार्दूलचा हात आपसूक त्याच्यावर गेला. गुरुजी त्या हाताकडे बघत होते.

“हा दगड ओळखीचा आहे?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“आमचाच आहे,” शार्दूल म्हणाला. आवाजातली धार थोडी कमी झाली होती. “सह्याद्री असाच झालाय. लाव्हाचे थर. साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला.”

“आता गरम नाही?”

“थंडगार. उन्हाळा सोडून.”

गुरुजींनी मान डोलावली.

“मग त्या तुझ्या डोंगराला टेकत जा. तो पोचलाय.” त्यांनी हातमोजा काढला आणि तळवा बर्फावर ठेवला. “हा अजून उतरतोय.”

मी सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

शार्दूलचा हात दगडावरच राहिला.

“त्याला विचार,” गुरुजी म्हणाले, “उतरताना तो कुठे बघतो.”

मी विचारलं. दूर खाली कुणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं, ती आम्हाला ऐकू आली.

“दगडाकडे,” तो अखेर म्हणाला. “हात पोचेल असा दगड कुठे आहे, ते बघतो.”

“सह्याद्रीत तेच शिकवतात ना,” मी म्हणाले. हे माझं वाक्य होतं. कुणाचं भाषांतर नव्हे. “अंग कातळाला, हात खोबणीत.”

“हो. आणि सुट्या मुरमाचा घसारा आला की बसायचं.” तो दगडावरून बोट फिरवत होता. “पण ते नाही गं.”

मी त्याच्याजवळ सरकले.

“ढाकला तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माझा हात सुटला,” तो म्हणाला. “दोराला लटकलो. दहा-अकरा फूट. कुणाला काही झालं नाही. पोरं हसली, मीही हसलो. मग खाली आलो. तिसरा अर्धाच झाला, केतकी. दोन वर्षं झाली. मी कड्याला हात लावलेला नाही.”

“पण शनिवारी ट्रेकला म्हणून तू…”

“पायथ्याच्या गावात जातो. चहा पितो. आणखी एक चहा पितो. परत येतो.”

तीन महिन्यांत असे पाच शनिवार झाले होते. पाचही वेळा मी पहाटे उठून धपाटे बांधून दिले होते. संध्याकाळी विचारायचे, कसा झाला ट्रेक. तो म्हणायचा, वर वारा फार होता.

म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांना वाराच सांगत होतो.

“याचा फोटो बघितला,” शार्दूलनं वर पाहिलं, “तेव्हा वाटलं, हा आपलाच डोंगर आहे. बर्फ पांघरलेला. इथून उतरलो, तर तिथंही चढेन परत. नाही उतरलो, तर मग… चहाच.”

गुरुजी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. मराठीतलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं.

“काय म्हणाला?” त्यांनी मला विचारलं.

मी शार्दूलकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“हे मी सांगणार नाही,” मी जपानीत म्हणाले.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. त्यांनी हातमोजा चढवला, उठले आणि स्की खांद्यावर टाकल्या.

“वर चला,” ते म्हणाले.

“काय म्हणाले?” शार्दूलनं विचारलं.

“वर चला म्हणाले.”

“तू घातलंस का हे पदरचं?”

“वरच चला म्हणाले.”

तो इतक्या घाईनं उठला की एक स्की हातातून निसटली. पाच-सहा फूट धावून मी ती पकडली. गुरुजींनी वळूनही पाहिलं नाही.

तासभर आम्ही चढलो. पुढे गुरुजी, मधे शार्दूल, मागे मी. वर गेलो तसे दगड वाढले. प्रत्येक दगडाला वाऱ्याच्या बाजूनं बर्फाची पिसं फुटली होती, एकाच दिशेला वळलेली. मधूनच जमीन कोमट लागायची. बर्फावर राखेच्या करड्या रेघा होत्या, कुणी अर्धवट रांगोळी पुसून टाकल्यासारख्या.

काठावर पोचलो.

आत मुख होतं. पिवळ्या भिंती, तळाशी वाफ. खालून सतत एक आवाज येत होता, मोठ्या पातेल्यावर झाकण खडखडावं तसा. गुरुजींनी मुखाकडे तोंड करून कमरेतून नमस्कार केला. आम्हीही केला.

मग ते वळले, आणि आम्ही पहिल्यांदा खाली पाहिलं.

पायांपासून एक नळी, अरुंद घळ, सुरू होत होती. सह्याद्रीत कड्यांच्या मधून उतरते तशीच, पण पांढरी. कधीकाळी लाव्हा जिथून वाहत गेला होता, ती ही वाट. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांच्या भिंती, वळत गेलेल्या. मधे पोटभर बर्फ, ज्यावर एकही रेघ नव्हती. नळी डावीकडे झुकत होती, उजवीकडे झुकत होती, पुन्हा डावीकडे. शेवटी भिंती बाजूला व्हायच्या आणि एक मोठं पांढरं अंगण थेट देवळाच्या छपरापर्यंत जायचं.

मला स्की येत नाही. पहिल्या दिवशी मी सपाटीवर पडले आणि त्यातच समाधान मानलं. पण तिथे उभी राहिल्यावर पहिल्यांदा कळलं, माणसं एवढ्या लांबून कशासाठी येतात. ती वाट नुसती दिसत नव्हती, बोलावत होती.

नळीच्या कडेनं ठिकठिकाणी बांबू रोवले होते. प्रत्येकाला लाल चिंधी.

“जिथे खाली पोकळ आहे तिथे,” गुरुजी म्हणाले. “पहाटे लावले. कडेकडेनं उतरून. मधला भाग त्याचा.”

“पहाटे?” मी म्हणाले. “मग सकाळी ‘अजून नाही’ का म्हणालात?”

“सकाळी अजून नव्हतंच.”

शार्दूलनं स्की चढवल्या. गुरुजी त्याच्यासमोर गेले आणि त्याच्या दोन्ही काठ्या काढून घेतल्या. त्यानं सोडल्या नाहीत, तेव्हा एकेक बोट उचलून काढून घेतल्या. मग दोन्ही काठ्या एकत्र करून त्याच्या पुढे धरलेल्या तळव्यांवर आडव्या ठेवल्या.

“बुद्धाला भात नेतो तसा जा,” ते म्हणाले. “सांडायचा नाही.”

मी एक क्षण विचार केला.

“औक्षणाचं ताट धरतात तसं धर,” मी सांगितलं. “दिवा विझता कामा नये.”

“आजवर औक्षण माझंच झालंय,” शार्दूल म्हणाला. “ताट कधी धरलंय मी?”

“मग आज धर.”

गुरुजींनी त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवली आणि त्याला दरीकडे वळवलं. दगडापासून दूर. जिथे धरायला काहीच नव्हतं तिकडे.

मान हलवली. एकदा.

शार्दूल गेला.

पहिलं वळण चांगलं झालं. दुसरं बरं झालं. तिसऱ्याला काळी भिंत जवळ आली आणि मला दिसलं, त्याचं अंग जुन्या ओळखीनं तिच्याकडे कललं. कंबर मागे, डावा हात हवेत, बोटं उघडी. पाय स्कीसकट पुढे सटकले. तो पाठीवर आपटला आणि तसाच घसरत गेला, बर्फाचा धुरळा उडवत.

भिंतीपासून हातभर अंतरावर तो थांबला.

मी ओरडणार होते. काय ओरडावं ते ठरेना. “बसून राहा” म्हणावं, की “ऊठ”? गुरुजींकडे पाहिलं. ते काही सुचवत नव्हते. दोन्ही हात बाह्यांत घालून ते उभे होते.

शार्दूल पडून होता. दगड त्याच्या इतका जवळ होता की नुसता हात लांब केला असता तर पुरे होतं.

…

त्यानं हात लांब केला नाही.

तो कुशीवर वळला. बर्फावरच तळवे रोवून उठला. विखुरलेल्या काठ्या गोळा केल्या. पुन्हा आडव्या तळव्यांवर ठेवल्या, नीट, मधोमध. दगडाकडे पाठ केली. आणि ज्या बाजूला फक्त उतार होता, तिकडे अंग झोकून दिलं.

मग मी जे पाहिलं ते सांगायला मला कुठल्याच भाषेत पुरेसं काही मिळालेलं नाही.

दोन काक्यांनी तान्हं मूल एकमेकींकडे द्यावं, तशा त्या भिंती त्याला एकीकडून दुसरीकडे देत होत्या. डावी घ्यायची, उजवीकडे सोपवायची. प्रत्येक वळणावर बर्फाचा पंखा उघडायचा, उन्हात चमकायचा आणि मिटायचा. त्याच्यामागे एक रेघ उमटत चालली होती, एका दमात काढलेली, न अडखळता. लाल चिंध्या बाजूनं मागे पडत गेल्या. कधी तो खडकाच्या उंचवट्यावरून उडायचा, कधी सावलीत शिरून दिसेनासा व्हायचा, आणि मी श्वास रोखायचे. मग तो बाहेर यायचा, अजून उभा, अजून हात पुढे.

काठ्या हलल्यासुद्धा नाहीत.

भिंती संपल्या. अंगण आलं. तिथे त्यानं वळणं घेणं सोडून दिलं आणि सरळ सुटला, देवळाच्या दिशेनं, इतका वेगात की मागचा धुरळा मागेच राहिला.

थांबला. मुंगीएवढा.

त्यानं दोन्ही काठ्या डोक्यावर उंच धरल्या आणि वर आमच्याकडे बघून ओरडला. लांबलचक, सगळा जीव एकवटून. नळीतून तो आवाज वर चढला, भिंतींवर आपटला, मुखात उतरला आणि तिथून दुप्पट होऊन परत आला. शब्द काही उरले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते गालावर गोठत होतं. मी ते पुसायच्या भानगडीत पडले नाही.

गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. मला वाटलं, आता विचारतील. मी घसा साफ केला आणि सवयीनं त्यांच्याकडे वळले.

“तो म्हणतोय…”

गुरुजींनी हात वर केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “हे जपानीच होतं.”